बरोबरीत सुटलेल्या लढतीचा निकाल कुणाच्या पदरात?

माद्रिद शहरातील मेट्रोपोलिटानो मैदानावर १२ मार्च २०२५ च्या रात्री ज्युलियन अल्वारेझ पेनल्टी मारण्यासाठी धावला. चेंडूला लाथ बसण्याच्या क्षणी त्याचा पाय घसरला, तरीही चेंडू गोलजाळ्यात जाऊन विसावला. अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या पाठीराख्यांनी जल्लोष केला. पण तो फार काळ टिकला नाही. घसरताना चेंडूला दुसऱ्या पायाचाही ओझरता स्पर्श झाल्याचे व्हिडिओ पंचांच्या निदर्शनास आले आणि गोल रद्द ठरला. पुढे मार्कोस लोरेंटेचा फटका गोलपट्टीवर आदळला, अँटोनियो रुडिगरने शेवटची पेनल्टी सत्कारणी लावली आणि रिअल माद्रिदने शूटआऊट ४-२ असे जिंकून शेजाऱ्यांना चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढले. भारतात तेव्हा पहाटेचे चार वाजून गेले होते.

त्यानंतर कित्येक दिवस चर्चा चालली ती त्या ओझरत्या स्पर्शाची. चित्रफिती पुन:पुन्हा दाखविल्या गेल्या, यूएफाला खुलासा करावा लागला. या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. तीच धावसंख्या चार वर्षांपूर्वी झाली असती, तर शूटआऊटची वेळच आली नसती. निर्धारित ९० मिनिटे संपताच अ‍ॅटलेटिको उपांत्यपूर्व फेरीत दाखल झाला असता आणि रिअलचे खेळाडू मान खाली घालून घरी गेले असते.

हे कसे, ते समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत अंतिम सामना वगळता प्रत्येक लढत दोन सामन्यांची असते. एक सामना आपल्या मैदानावर, दुसरा प्रतिस्पर्ध्याच्या. दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करून विजेता ठरतो. २०२५ च्या उपउपांत्यपूर्व फेरीत, म्हणजे अंतिम १६ संघांच्या फेरीत, रिअलने आपल्या बर्नाबेऊ मैदानावरील पहिला सामना २-१ असा जिंकला. परतीच्या सामन्यात कॉनर गॅलाघरने अर्धे मिनिटही पूर्ण होण्याआधी गोल केला आणि अ‍ॅटलेटिकोने सामना १-० असा घेतला. बेरीज २-२. मात्र अ‍ॅटलेटिकोच्या दोन गोलांपैकी एक रिअलच्या मैदानावर झालेला होता, तर रिअलला अ‍ॅटलेटिकोच्या मैदानावर एकही गोल करता आला नव्हता. २०२१ पर्यंत लागू असलेल्या नियमानुसार बेरीज समान असल्यास प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, अर्थात ‘अवे’, अधिक गोल करणारा संघ पुढे जाई. तो नियम यूएफाने २४ जून २०२१ रोजी रद्द केला आणि २०२१-२२ च्या हंगामापासून बेरीज समान असेल तर ३० मिनिटांचा जादा वेळ व त्यानंतर पेनल्टी, एवढेच उरले.

क्रिकेटप्रेमींना हा पेच अनोळखी वाटू नये. २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड आणि न्यूझीलंड यांची धावसंख्या समान झाली, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि अखेर २६ विरुद्ध १७ अशा चौकार-षटकारांच्या मोजणीवर विजेतेपद इंग्लंडला मिळाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आयसीसीने तो नियम गुंडाळला. फुटबॉलमधील नियम मात्र असा एका सामन्यापुरता उगवलेला नव्हता. तो अर्धशतकाहून अधिक काळ टिकला.

चिखलात रुतलेले नाणे

या नियमाआधी जे होते, ते आज ऐकताना हसू येईल. १९६५ च्या युरोपियन चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत लिव्हरपूल आणि पश्चिम जर्मनीचा कोलोन हे संघ दोन सामन्यांत ०-० असेच राहिले. तेव्हाच्या रिवाजानुसार तिसरा सामना त्रयस्थ ठिकाणी, रॉटरडॅम येथे झाला. तोही २-२ असा बरोबरीत सुटला. तीन सामने खेळून दमलेल्या खेळाडूंच्या देखत अखेर पंचांनी नाणेफेक केली. पहिल्या वेळी नाणे चिखलात चक्क उभेच रुतले! ते पुन्हा उडविण्यात आले आणि कौल लिव्हरपूलच्या बाजूने पडला.

नाणेफेकीपेक्षा खेळातील एखाद्या गोष्टीवर निकाल लागावा, ही अपेक्षा रास्त होती. तिसरा सामना घेणे खर्चिक होते आणि वेळापत्रकात तो बसविणेही अवघड होते. म्हणून १९६५-६६ च्या चषक विजेत्यांच्या स्पर्धेत प्रथमच ‘अवे’ गोलांचा आधार घेण्यात आला. बुडापेस्टचा होनवेद आणि प्रागचा दुक्ला यांच्यातील दुसऱ्या फेरीची लढत त्या निकषावर निकाली निघाली व होनवेद पुढे गेला. पुढील काही वर्षांत हा नियम युरोपियन चषकातही रुळला. तरी नाणे खिशातून पूर्ण गेले नव्हते. नोव्हेंबर १९६९ मध्ये सेल्टिकने ग्लासगोत बेनफिकाला ३-० असे हरविले, लिस्बनमध्ये बेनफिकाने त्याच फरकाने परतफेड केली. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर कुणाचाच गोल नसल्याने नवा नियम निरुपयोगी ठरला आणि लिस्बनमध्ये पंचांच्या खोलीत नाणे उडविण्यात आले. सेल्टिकचा कर्णधार बिली मॅकनील याचा कौल बरोबर ठरला. तोच सेल्टिक त्या हंगामात थेट अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या नाण्याचे मोल कळते. पुढच्याच हंगामात पेनल्टी शूटआऊट आले. युरोपियन चषकातील पहिले शूटआऊट नोव्हेंबर १९७० मध्ये, दुसऱ्याच फेरीत, एव्हर्टनने बोरुसिया मोंचेनग्लाडबाखविरुद्ध जिंकले.

‘अवे’ गोलाला वजन देण्यामागे त्या काळाचे वास्तव होते. प्रवास लांबचा आणि दगदगीचा. परक्या देशातील मैदान कसे असेल, प्रकाशझोत पुरेसे असतील की नाही, याची शाश्वती नसे. प्रतिस्पर्ध्याच्या खेळाची ओळखही फारशी नसे. पाहुणा संघ साहजिकच बचावाच्या कोशात शिरे आणि कमीत कमी गोलांनी हरून परतण्यात समाधान माने. अशा संघाला पुढे येऊन खेळण्याचे आमिष दाखवावे, हा नियमाचा हेतू होता. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर यूएफाच्या स्पर्धांत यजमान संघ ६१ टक्के सामने जिंकत असत आणि पाहुणे अवघे १९ टक्के. यजमानांचे सामन्यामागे सरासरी २.०२ गोल होत, तर पाहुण्यांचे ०.९५. एवढी तफावत असताना परक्या मैदानावरील गोलाला अधिक मान देण्यात गैर काही नव्हते.

आमिषाचा धाक झाला

पण खेळ बदलला. विमानप्रवास सुखकर झाला, मैदानांची मोजमापे आणि हिरवळ यांत एकसारखेपणा आला, दूरचित्रवाणीमुळे प्रतिस्पर्धी अनोळखी राहिला नाही, पंचांच्या दिमतीला तंत्रज्ञान आले. यूएफाने नियम रद्द करताना दिलेल्या आकडेवारीनुसार यजमानांच्या विजयाचे प्रमाण ४७ टक्क्यांपर्यंत घसरले होते आणि पाहुण्यांचे ३० टक्क्यांवर चढले होते. गोलांची सरासरी १.५८ आणि १.१५ अशी जवळ आली होती. पाहुण्याला धीर देण्यासाठी केलेला नियम आता यजमानालाच धाक दाखवू लागला होता. आपल्या मैदानावर एक गोल खाल्ला तर तो परतीच्या सामन्यात महागात पडेल, या भीतीने पहिल्या सामन्याचे यजमान हात राखून खेळू लागले. २-१ असा विजय मिळविण्यापेक्षा १-० बरे, आणि वेळ पडली तर ०-० देखील चालेल, असा हिशेब मांडला जाऊ लागला. आर्सेनलचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर कित्येक वर्षे या नियमाला कालबाह्य म्हणत आले. त्यांच्या संघाला २०१३ मध्ये बायर्न म्युनिकविरुद्ध आणि २०१५ मध्ये मोनॅकोविरुद्ध, दोन्ही वेळी उपउपांत्यपूर्व फेरीतच, ३-३ अशा बेरजेनंतर या नियमाने बाहेर काढले होते. तेव्हा तक्रारीत थोडी वैयक्तिक जखमही असावी, असे म्हणायला जागा आहे.

तरीही या नियमाने दिलेला थरार नाकारता येणार नाही. ८ मार्च २०१७ रोजी बार्सिलोनाने ०-४ अशी पिछाडी भरून काढत पॅरिस सेंट जर्मेनला ६-१ असे हरविले, ती लढत याच फेरीतली. बार्सिलोना ३-० ने पुढे असताना एडिन्सन कवानीने पॅरिससाठी गोल केला आणि मैदान एकदम शांत झाले. कारण सर्वांना ठाऊक होते, की आता आणखी दोन गोलांनी भागणार नाही. ५-१ झाले तरी बेरीज ५-५ होऊन ‘अवे’ गोलामुळे पॅरिसचा संघ पुढे जाणार. आणखी तीन गोल हवे होते, आणि ते तिन्ही ८८व्या मिनिटापासून पुढे झाले. नियम नसता, तर पाचव्या गोलानंतर जादा वेळ मिळण्याची निश्चिंती असती आणि सहाव्यासाठी झालेली ती धडपड कदाचित दिसलीही नसती. दोनच वर्षांनी पॅरिसच्या संघाला याच नियमाने पुन्हा दणका दिला. मँचेस्टर युनायटेडला त्यांच्या मैदानावर २-० असे हरवूनही घरी १-३ असा पराभव झाला आणि भरपाई वेळेतील मार्कस रॅशफोर्डच्या पेनल्टीने त्यांचा हंगाम संपविला.

नियमाचे सर्वांत दुबळे अंग जादा वेळेत उघडे पडे. परतीच्या सामन्यातील पाहुण्यांना ‘अवे’ गोल करण्यासाठी १२० मिनिटे मिळत. यजमानांना पहिल्या सामन्यात त्यासाठी ९० मिनिटेच मिळालेली असत. ११ मार्च २०२० रोजी अ‍ॅनफिल्डवर याचा प्रत्यय आला. गतविजेत्या लिव्हरपूलने जादा वेळेत रॉबर्टो फर्मिनोच्या गोलाने अ‍ॅटलेटिकोविरुद्ध २-१ अशी एकत्रित आघाडी घेतली. तीनच मिनिटांनी लोरेंटेने गोल केला. बेरीज २-२ झाली एवढेच नव्हे, तर त्या एका गोलाने अ‍ॅटलेटिको मागून थेट पुढे गेला. तेथून लिव्हरपूलचे अवसान गळाले. लोरेंटेने आणखी एक व अल्वारो मोराटाने एक गोल करून विजय पक्का केला. हाच तो लोरेंटे, ज्याचा फटका पाच वर्षांनी मेट्रोपोलिटानोत गोलपट्टीवर आदळला.

नियमाचा अखेरचा हंगाम तर विनोदीच ठरला. करोनाच्या साथीमुळे २०२१ मध्ये अनेक सामने त्रयस्थ ठिकाणी हलवावे लागले. लिव्हरपूल आणि लाइपझिग यांचे दोन्ही सामने बुडापेस्टच्या एकाच मैदानावर झाले. अ‍ॅटलेटिकोने चेल्सीविरुद्धचा ‘घरचा’ सामना रुमानियातील बुखारेस्टमध्ये खेळला. तरी कागदावर कुणीतरी यजमान आणि कुणीतरी पाहुणा होताच व गोल त्याप्रमाणेच मोजले जाणार होते. त्याच फेरीत पोर्टोने दहा खेळाडूंनिशी जादा वेळेत गोल करून ४-४ अशा बेरजेनंतर युव्हेंटसला बाहेर काढले.

बत्तीस लढती, एक संघ

मग नियम गेल्याने नेमके काय बदलले? खेळ अधिक आक्रमक झाला का, याचे उत्तर एका कारणाला चिकटवता येण्याजोगे नाही. प्रशिक्षकांच्या पद्धती आणि स्पर्धेचे स्वरूप याच काळात बदलले. निकालांचा हिशेब मात्र स्वच्छ मांडता येतो. २०२१-२२ ते २०२४-२५ या चार हंगामांत उपउपांत्यपूर्व फेरीत ३२ लढती झाल्या. पहिल्या दोन हंगामांत एकही लढत जादा वेळेपर्यंत गेली नाही. २०२४ मध्ये दोन आणि २०२५ मध्ये दोन, अशा चारच लढतींत बेरीज समान राहिली आणि चारही शूटआऊटने निकाली निघाल्या. त्यांपैकी २०२४ ची आर्सेनल-पोर्टो लढत (दोन्ही यजमान १-० ने विजयी) आणि २०२५ ची लिव्हरपूल-पॅरिस सेंट जर्मेन लढत (दोन्ही पाहुणे १-० ने विजयी) जुन्या नियमातही बरोबरीतच राहिली असती.

उरल्या दोन. त्या दोन्ही अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या, आणि दोन्हींचा शेवट मेट्रोपोलिटानोवरच झाला.

एक वर आलीच आहे. दुसरी १३ मार्च २०२४ ची. इंटर मिलानने पहिला सामना आपल्या मैदानावर १-० असा जिंकला होता. माद्रिदमध्ये फेडेरिको डिमार्कोच्या गोलाने इंटर आणखी पुढे गेला. दोनच मिनिटांत अँटोइन ग्रीझमनने बरोबरी साधली आणि ८७व्या मिनिटाला मेम्फिस डीपेने अ‍ॅटलेटिकोला २-१ असे आघाडीवर नेले. बेरीज २-२. जुन्या नियमानुसार डिमार्कोचा गोल निर्णायक ठरून आदल्या वर्षीचा उपविजेता इंटर पुढे गेला असता. नव्या नियमाने सामना शूटआऊटपर्यंत पोहोचला, यान ओब्लाकने दोन पेनल्टी अडविल्या, इंटरचा कर्णधार लॉटारो मार्टिनेझने चेंडू गोलपट्टीवरून मारला आणि अ‍ॅटलेटिकोने ३-२ अशी बाजी मारली. म्हणजे जुन्या नियमाने २०२० मध्ये जे दिले, तो नियम नसल्यामुळे २०२४ मध्येही मिळाले आणि २०२५ मध्ये मात्र गेले. शूटआऊट तर दिएगो सिमिओनेंच्या संघाला नवे नाहीच. २०१५ मध्ये बायर लेव्हरकुसेनला आणि २०१६ मध्ये आइंडहोवनला त्यांनी याच फेरीत असेच हरविले होते.

अर्थात, ‘जुना नियम असता तर’ हा हिशेब जपूनच करायला हवा. गॅलाघरच्या गोलानंतर जुन्या नियमाने रिअल पहिल्याच मिनिटात पिछाडीवर गेला असता आणि उरलेला सर्व वेळ त्याला गोलासाठी जिवाचे रान करावे लागले असते. प्रत्यक्षात त्यांना तशी घाई नव्हती. विनिशियस ज्युनियरने दुसऱ्या सत्रात पेनल्टी गोलपट्टीवरून मारली, तरी आभाळ कोसळले नाही. दुसरीकडे अ‍ॅटलेटिकोनेही बचावाची तटबंदी उभारली असती. नियम बदलला की तेच खेळाडू वेगळा सामना खेळतात. म्हणूनच शेवटच्या धावसंख्येवर जुना नियम लावून अन्याय झाला असे म्हणणे अर्धेच खरे आहे.

एक असमतोल मात्र नव्याने निर्माण झाला आहे आणि त्याची चर्चा पुरेशी होत नाही. जादा वेळ व शूटआऊट दोन्ही परतीच्या सामन्याच्या यजमानांकडे, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर होतात. पूर्वी या फायद्याला ‘अवे’ गोलाचा उतारा होता. आता तो नाही. त्यामुळे परतीचा सामना घरी मिळणे हे मोठे बक्षीस ठरले आहे. २०२४-२५ पासूनच्या नव्या रचनेत ३६ संघांची एकच गुणतालिका असते. पहिले आठ संघ थेट उपउपांत्यपूर्व फेरीत जातात आणि त्यांना तेथे परतीचा सामना घरी मिळतो. ९ ते २४ क्रमांकाच्या संघांना आधी दोन सामन्यांची ‘प्ले-ऑफ’ फेरी खेळावी लागते. अ‍ॅटलेटिको त्या हंगामात पाचवा होता, तर अकरावा आलेला रिअल मँचेस्टर सिटीला प्ले-ऑफमध्ये ३-२ आणि ३-१ असे दोनदा हरवून येथवर आला होता. घरचे मैदान आणि ताजे पाय, दोन्ही गोष्टी अ‍ॅटलेटिकोच्या बाजूने होत्या. १५व्या क्रमांकावरून प्ले-ऑफमार्गे आलेल्या पॅरिस सेंट जर्मेननेही अव्वल क्रमांकाच्या लिव्हरपूलला अ‍ॅनफिल्डवरच शूटआऊटमध्ये ४-१ असे हरविले आणि पुढे विजेतेपदही पटकावले. तेव्हा घरचे मैदान म्हणजे हमी नव्हे.

या सर्व हिशेबामागे पैसाही आहे. २०२४-२५ मध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या संघाला यूएफाकडून १ कोटी २५ लाख युरो, म्हणजे शंभर कोटी रुपयांहून अधिक रक्कम मिळाली. तिकीटविक्री आणि प्रक्षेपणाचा वाटा वेगळाच. अल्वारेझचा पाय घसरला तेव्हा पणाला लागलेली रक्कम ही होती.

त्या ओझरत्या स्पर्शाचा विषय तेथे संपला नाही. जून २०२५ मध्ये फुटबॉलचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने स्पष्ट केले, की पेनल्टी मारताना चेंडूला चुकून दोनदा स्पर्श झाला आणि गोल झाला, तर ती पेनल्टी पुन्हा घेऊ द्यावी. अ‍ॅटलेटिकोला त्याचा उपयोग नव्हता. रिअलला उपांत्यपूर्व फेरीत आर्सेनलने लंडनमध्ये ३-० आणि माद्रिदमध्ये २-१ असे हरविले. तेथे कोणत्याही नियमाचा आधार घेण्याची गरज पडली नाही.